बाई, तो धडा राहिला होता

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना वेळेअभावी गाळलेले एक-दोन मुद्दे स्मरणिकेसाठी लिहिताना भरून काढले आहेत.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि एक अट घातली आहे, की कॉम्प्युटरवर बोलायचं नाही. गेली तेवीस वर्षं मी सॉफ्टवेअरशिवाय दुसरं काही केलेलं नाही, त्यामुळे जरा पंचाईत झाली. मग ठरवलं, की आपल्या सगळ्यांचा मिळून जो एक धडा राहिला होता, तोच आज घेऊ या.

आठवतंय ना? विज्ञानाच्या पुस्तकातला प्रजननाचा धडा. बाई वर्गात आल्या, फळ्यावर तारीख घातली, पुस्तक उघडलं आणि म्हणाल्या, "हा धडा सोपा आहे, घरी वाचून या." मागच्या बाकांवर खसखस पिकली. आम्ही मुली माना खाली घालून पुढच्या धड्याचं पान शोधत होतो. बाई समोरच बसल्या आहेत आणि हसताहेत. बाई, ही तक्रार नाही हं. तुम्ही तरी काय करणार होता! शिकवला असता तर दुसऱ्या दिवशी पालक मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभे राहिले असते. पण झालं काय, की घरी तो धडा उघडायची आमची हिंमत झाली नाही. अकरावीला मी जीवशास्त्र सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, पुढे इंजिनिअरिंगला गेले आणि तो धडा सुटला तो सुटलाच.

त्याची किंमत मी पुढे मोजली. लग्नानंतर सहा वर्षं आम्हाला मूल नव्हतं. त्या सहा वर्षांत माझ्या किती तपासण्या झाल्या ते मी मोजणं सोडून दिलं होतं. रक्त, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, दुर्बीण. सोळा सोमवार झाले, एका बाबांचा अंगारा झाला. हळूहळू डोहाळजेवणाची आमंत्रणं येईनाशी झाली. कोणी तोंडावर काही बोलत नसे, पण ओटी भरायची वेळ आली की माझ्या हातातलं तबक दुसरीच कोणीतरी अलगद काढून घेई. आणि या सगळ्या काळात माझ्या नवऱ्याची एकही तपासणी झाली नव्हती. कोणी सांगितलीच नाही. आम्हीही विचारली नाही. मी इंजिनिअर, तोही इंजिनिअर. यंत्रणा बंद पडली तर दोन्ही टोकं तपासायची हे आमचं रोजचं काम. घरी मात्र आम्ही सहा वर्षं एकच टोक तपासत बसलो.

सातव्या वर्षी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "यांचा रिपोर्ट कुठे आहे?" काही शे रुपयांची, एका सकाळची तपासणी. उत्तर आलं शून्य. वीर्यात एकही शुक्राणू नाही. मग वृषणातला लहानसा तुकडा काढून तपासला आणि त्या अहवालात एक ओळ होती. तिचा अर्थ असा, की शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी आहेत, त्या अर्धगुणसूत्री विभाजनाच्या सुरुवातीपर्यंत येतात आणि तिथेच थांबतात.

आज हे सगळं मी त्याच्या संमतीनं सांगते आहे. तो शेवटच्या रांगेत बसला आहे. त्यानंच सांगितलं, की सांगायचंच असेल तर नीट सांग, अर्धवट नको. म्हणून आधी विज्ञान नीट सांगते.

आपल्या शरीरातल्या पेशी रोज विभागतात. जखम भरते, केस वाढतात ते त्यामुळे. या साध्या विभाजनात पेशी आपल्या ४६ गुणसूत्रांची नक्कल करते आणि दोन पेशींत एकेक संच वाटून देते. ४६च्या दोन पेशी ४६च्याच. पण शुक्राणू आणि अंडपेशी तशाच ४६च्या राहिल्या, तर मुलात ९२ होतील, नातवात १८४. म्हणून तिथे निम्मी करावी लागतात, २३ आणि २३. बेल्जियमच्या एदुआर व्हान बेनेडेन यांनी १८८३मध्ये घोड्याच्या आतड्यातल्या जंतावर काम करताना दाखवून दिलं, की आई आणि बाप दोघांकडून सारखीच गुणसूत्रं येतात आणि त्यांची संख्या शरीरातल्या इतर पेशींच्या निम्मी असते. पुढे १९०५मध्ये फार्मर आणि मूर या दोघांनी या विभाजनाला ग्रीक भाषेतून नाव दिलं. त्याचा अर्थ आहे 'कमी होणं'. आपल्या पुस्तकातला शब्द जास्त सरळ आहे, अर्धगुणसूत्री विभाजन.

नाव 'कमी होणं' असलं तरी काम मोठं आहे. या विभाजनात नक्कल एकदा होते आणि वाटणी दोनदा. मधल्या वेळेत आईकडून आलेलं गुणसूत्र आणि वडिलांकडून आलेलं त्याच क्रमांकाचं गुणसूत्र एकमेकांना शोधतात, शेजारी येतात आणि आपले तुकडे अदलाबदल करतात. अदलाबदल करायची तर आधी कापावं लागतं. म्हणून पेशी आपल्याच डीएनएला मुद्दाम शेकडो ठिकाणी काप घेते आणि मग ते दुरुस्त करते. हा मला पहिल्यांदा वाचताना बसलेला धक्का होता. इतर कुठल्याही पेशीत डीएनएला इतके काप गेले, तर ते संकट असतं. इथे तोच ठरलेला कार्यक्रम आहे. एवढा धोक्याचा कार्यक्रम चुकीच्या पेशीत किंवा चुकीच्या वेळी सुरू होऊन चालणार नाही. म्हणजे 'सुरू कर' हा आदेश कोण देतं, कधी देतं आणि किती कुलपांमागे ठेवतं, हाच खरा प्रश्न.

आता जागा पाहू. वृषणात केसासारख्या बारीक, वेटोळी घातलेल्या शेकडो नलिका असतात. नलिकेच्या भिंतीला लागून मूलपेशी बसलेल्या असतात. त्यांना सांभाळणाऱ्या, पायापासून आतल्या पोकळीपर्यंत उंच पसरलेल्या मोठ्या पेशी असतात. एन्रिको सेर्तोली या इटालियन शास्त्रज्ञानं त्यांचं वर्णन १८६५मध्ये केलं, म्हणून त्या सेर्तोली पेशी. मूलपेशी विभागते तेव्हा एक गंमत होते. दोन पेशी पूर्ण सुट्या होत नाहीत. त्यांच्यामध्ये एक बारीक पूल राहतो. दोनाच्या चार होतात, चाराच्या आठ, आठाच्या सोळा, आणि सगळ्या एका माळेत जोडलेल्या. पुढचा सगळा प्रवास ही माळ बरोबरच करते. एकीला निरोप पोहोचला की पुलावरून शेजारणीला पोहोचतो. आपली तुकडी आठवली ना? एकाला गृहपाठाचं उत्तर मिळालं, की साठ जणांच्या वह्यांत तेच उत्तर, त्याच चुकीसकट.

उंदरामध्ये या माळा आधी 'अजून काही ठरलेलं नाही' अशा स्थितीत असतात. मग त्या एक वळण घेतात, साध्या विभाजनाच्या सहा फेऱ्या करतात आणि त्यानंतर दुसऱ्या वळणाशी येतात. ते दुसरं वळण म्हणजे अर्धगुणसूत्री विभाजनाची सुरुवात. या दोन्ही वळणांवर निरोप घेऊन येणारा निरोप्या आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ओळखा पाहू.

'अ' जीवनसत्त्व. गाजर, पपई, शेवग्याचा पाला, अंडी, आणि त्याच्या अभावी होतो तो रातांधळेपणा. एका मार्काला हमखास येणारा प्रश्न. पण त्या प्रश्नाचं दुसरं अर्धं उत्तर आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. १९२५मध्ये अमेरिकेत वोलबाख आणि होव या दोघांनी उंदरांना 'अ' जीवनसत्त्वाशिवायचा आहार देऊन त्यांचे अवयव तपासले. त्यात वृषणं सुकलेली दिसली. पुढच्या कामातून कळलं, की अशा प्राण्यात मूलपेशी मरत नाहीत. त्या पहिल्याच वळणावर वाट पाहत उभ्या राहतात. जीवनसत्त्व परत दिलं, की थांबलेल्या सगळ्या एकदम निघतात, जणू फाटक उघडल्यावर सगळ्या गाड्या एकदम सुटाव्यात.

शरीर 'अ' जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक आम्ल नावाचा पदार्थ बनवतं. खरा निरोप्या तो. १९९०च्या दशकात फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला पिएर शांबाँ यांच्या प्रयोगशाळेत, हे आम्ल दिल्यावर कोणती जनुकं जागी होतात याची शोधाशोध चालली होती. त्या यादीतल्या एका जनुकाला नाव मिळालं स्ट्रा-८. म्हणजे नुसतं 'रेटिनॉइक आम्लानं जागं झालेलं, क्रमांक आठ'. आमच्याकडेही घाईच्या दिवसांत फायलींना अशीच नावं पडतात. पण हा आठ क्रमांकच पुढे दाराची किल्ली निघाला. स्ट्रा-८ नसलेले उंदीर दिसायला धडधाकट असतात, पण नर असो वा मादी, त्यांना पिल्लं होत नाहीत. त्यांच्या पेशी त्या दारातून नीट आत जाऊच शकत नाहीत.

इथे मुलगा आणि मुलगी यांच्यात मोठा फरक आहे. मुलीत हे विभाजन ती आईच्या पोटात असतानाच सुरू होतं. माझ्या आणि तुमच्या सगळ्या अंडपेशींनी आपण जन्मायच्या आधीच हे दार ओलांडलं होतं आणि मग त्या वर्षानुवर्षं अर्ध्या वाटेत थांबून राहिल्या. मुलात मात्र ते वयात येताना सुरू होतं आणि मग बहुधा आयुष्यभर चालू राहतं. असं का? २००६मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पीटर कूपमन यांच्या गटानं आणि अमेरिकेतल्या डेव्हिड पेज यांच्या गटानं उंदराच्या गर्भावर काम करून सांगितलं, की मुलाच्या वृषणात त्या वयात एक विकर असतं, ते रेटिनॉइक आम्ल येताक्षणी तोडून टाकतं. निरोप येतो, पण दारातच फाडला जातो.

तरुण नरात मात्र हा निरोप ठरावीक कालानं येत राहतो. उंदराच्या नलिकेच्या एका ठिकाणी उभं राहून पाहिलं, तर साधारण दर ८.६ दिवसांनी तेच चक्र पुन्हा फिरतं. माणसात ते १६ दिवसांचं असतं. मूलपेशीपासून शुक्राणूपर्यंतचा पूर्ण प्रवास माणसात दोन ते अडीच महिन्यांचा. आता मला सगळ्यात आवडलेला भाग. निरोप आला त्या घटकेला एकाच ठिकाणी दोन वयांच्या पेशी शेजारी शेजारी असतात. लहान माळा पहिल्या वळणाशी आणि मोठ्या माळा दुसऱ्या वळणाशी. रेटिनॉइक आम्ल दोघींना एकच मिळतं. लहान माळ ते ऐकून साध्या विभाजनाच्या फेऱ्या सुरू करते, मोठी माळ तेच ऐकून अर्धगुणसूत्री विभाजनात शिरते. पेज यांच्याच गटानं हे २०१५मध्ये मांडलं.

मला लगेच आपली घंटा आठवली. शिपाईमामा ओसरीवर टोल द्यायचे. टोल सगळ्यांना एकच. पण त्या टोलाला पाचवीचा वर्ग मैदानाकडे पळायचा आणि दहावीचा प्रयोगशाळेकडे चालू लागायचा. घंटेत काही वेगळं नव्हतं. कोण किती तयार आहे यावर तिचा अर्थ ठरत होता.

मग लहान माळ चुकून प्रयोगशाळेकडे का जात नाही? कारण तिथे दारावर एक पहारेकरी आहे. त्याचं नाव डीएमआरटी-१. २०१०मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरात या पेशींमधून तो काढून टाकला. लहान, अजून काही न ठरलेल्या पेशीसुद्धा वेळेआधीच अर्धगुणसूत्री विभाजनात शिरल्या. हा पहारेकरी जागेवर आहे तोवर निरोप आला तरी स्ट्रा-८ जागं होत नाही. पेशी मोठी झाली की तो आपणहून बाजूला होतो.

आणि किल्लीही एक नाही. २०२०मध्ये जपानमधल्या कुमामोतो विद्यापीठातल्या इशिगुरो यांच्या गटानं स्ट्रा-८च्या जोडीदाराचा शोध लावला. त्याचं नाव मेयोसिन. स्नायूंमधल्या मायोसिनशी याचा संबंध नाही, नावं फक्त सारखी वाटतात. स्ट्रा-८ आणि मेयोसिन ही दोन प्रथिनं हातात हात घालून डीएनएवर बसतात आणि या विभाजनाला लागणारी शेकडो जनुकं एकदम चालू करतात. एकटंदुकटं असेल तर काम होत नाही. माझ्या ऑफिसात नवा कोड चालू यंत्रणेवर चढवायचा तर दोघांची मंजुरी लागते. ही पद्धत आपण शोधली अशी आमची समजूत आहे!

नवा कार्यक्रम चालू करताना जुना बंद करणंही तितकंच महत्त्वाचं. पेशीत साध्या विभाजनाचे जुने आदेश अजून फिरत असतात. ते नष्ट करायला वेगळी प्रथिनं आहेत. ती नसली, तर पेशी दारातून आत शिरते आणि आत गेल्यावर पुन्हा जुन्या सवयीनं साधंच विभाजन करू पाहते, आणि मरते.

दाराचा उल्लेख मी मघापासून करते आहे, पण तिथे खरोखरीचं दारही आहे. सेर्तोली पेशी एकमेकींना घट्ट चिकटून नलिकेत एक आडवी भिंत घालतात. शुक्राणू होऊ लागलेल्या पेशी या भिंतीच्या आत, रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींपासून लपवून ठेवलेल्या असतात. अर्धगुणसूत्री विभाजन सुरू करणारी माळ नेमकी याच वेळी भिंतीपलीकडे जाते. जाताना भिंतीला भगदाड पडत नाही. आधी माळेच्या मागे नवी भिंत उभी राहते, मग पुढची जुनी भिंत विरघळते. थोडा वेळ माळ दोन भिंतींच्या मधल्या खोलीत असते.

आता एक प्रामाणिक दुरुस्ती. शास्त्राचा हा धडाही छापून पुरा झालेला नाही. २००६पासून वाचकांना वाटत होतं, की रेटिनॉइक आम्लाशिवाय काहीच सुरू होत नाही. २०२०मध्ये फ्रान्समधून दोन अभ्यास आले. उंदराच्या मादी गर्भात हे आम्ल बनवणारी किंवा ओळखणारी यंत्रणा काढून टाकली, तरी अर्धगुणसूत्री विभाजन सुरू झालेलं त्यात दिसलं. म्हणजे निदान मादी गर्भात तरी दुसरे निरोपेही आहेत. जे आम्ही 'मुख्य स्विच' म्हणत होतो, तो अनेकांपैकी एक निघाला. मी कामात रोज हेच पाहते, त्यामुळे मला यात शास्त्राचा पराभव दिसला नाही.

आपल्यातल्या ज्याचं औषधांचं दुकान आहे, त्याच्यासाठी एक गोष्ट. १९६०च्या सुमारास अमेरिकेत तुरुंगातल्या कैद्यांवर एक औषध तपासलं गेलं. आजच्या नियमांत असा प्रयोग बसायचा नाही. औषधानं शुक्राणूंची संख्या जवळजवळ शून्यावर आली आणि औषध थांबवल्यावर पुन्हा पूर्ववत झाली. पुरुषांची गर्भनिरोधक गोळी सापडली असं वाटलं. पण बाहेरच्या जगात आल्यावर कळलं, की हे औषध घेणाऱ्यानं दारू घेतली तर तोंड लाल, धडधड, उलट्या. गोळी बारगळली. २०११मध्ये कारण समजलं. ते औषध वृषणात रेटिनॉइक आम्ल बनवणारं विकर अडवत होतं, आणि दारू पचवणारं विकर त्याचंच भावंड आहे. म्हणजे त्या लोकांनी न कळत पन्नास वर्षं आधी याच घंटेचा दोर धरला होता.

आणि हो, इथून घरी जाऊन कोणी 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली आणू नका. रोजचं नीट जेवणाऱ्या माणसाला ते पुरेसं मिळतं. जास्त झालं तर यकृताला त्रास होतो, आणि गरोदरपणात त्याचा अतिरेक गर्भाला धोक्याचा असतो.

आता त्या अहवालातल्या ओळीकडे परत येते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३मध्ये सांगितलं, की जगात सहापैकी सुमारे एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, एकटं किंवा स्त्रीच्या कारणाबरोबर. शंभरात सुमारे एका पुरुषाच्या वीर्यात शुक्राणूच नसतात. त्यातल्या काहींत कारण हेच असतं, की पेशी या दाराशी किंवा दार ओलांडून थोड्या पुढे जाऊन थांबतात. काहींचं जनुक सापडतं. उदाहरणार्थ, एक्स गुणसूत्रावरच्या टेक्स-११ या जनुकातला बिघड अशा पुरुषांत २०१५मध्ये दाखवला गेला. तो मुलाला आईकडून मिळतो आणि आई स्वतः अगदी निरोगी असते. बऱ्याच जणांचं कारण सापडत नाही. आमचं सापडलं नाही.

अहवाल आला त्या रात्री माझा नवरा जेवला नाही. पहाटे म्हणाला, "माझ्यात काहीतरी कमी आहे." सहा वर्षं हे वाक्य मी माझ्याबद्दल ऐकत होते, त्यामुळे त्याचं वजन मला माहीत होतं. पण तेव्हा त्याला सांगायला माझ्याकडे एक शब्द नव्हता. ना धीराचा, ना विज्ञानाचा. मग मी वाचायला लागले. इंजिनिअरला दुसरं काय येतं? शब्दकोश घेऊन, एकेक वाक्य पाच वेळा वाचत. काही महिन्यांनी मी त्याला या माळा, हा पहारेकरी सांगू लागले. मेयोसिनचा शोध लागला तेव्हा आमची मुलगी आठ वर्षांची होती, तरी मी रात्री त्याला उठवून सांगितलं होतं.

त्याला यातली एक गोष्ट सगळ्यात उपयोगी पडली. पेशींना थांबायला शिकवलेलं असतं. कापलेला डीएनए नीट दुरुस्त झाला नाही, जोड्या नीट जमल्या नाहीत, तर पेशी पुढे जात नाही. चुकीच्या संख्येची गुणसूत्रं पुढच्या पिढीत जाऊ नयेत म्हणून तिथे तपासणी नाका असतो. त्याच्या पेशी तिथे थांबल्या, म्हणजे यंत्रणा आपलं काम करत होती. यात त्याचं पाप नव्हतं, पूर्वजांचा शाप नव्हता, लहानपणीची काही चूक नव्हती. आणि माझा तर दुरान्वयानंही संबंध नव्हता. सोळा सोमवार त्या नाक्यापर्यंत पोहोचणार नव्हते.

सासूबाईंना आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. कागदावर नलिकेचं चित्र काढून. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे त्याच्या बाजूनंही असतं होय?" मग उठून आत गेल्या आणि येताना ओटीचं तबक घेऊन आल्या. बोलल्या काहीच नाहीत. मी तेव्हा रडले, ते मात्र विज्ञानामुळे नव्हे.

२०१३मध्ये आमची मुलगी आमच्या घरी आली, एक वर्षाची. दत्तक. आता आठवीत आहे. परवा मी या भाषणाची टिपणं काढत होते, तेव्हा तिनं वाचली आणि म्हणाली, "आई, हे एवढं सोपं आहे तर तुम्हाला शाळेत का नाही शिकवलं?" मी म्हटलं, मेळाव्याला चल, बाईंना विचारू. ती आली आहे, पण आता लाजते आहे.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली वर्गमित्र-मैत्रिणींकडे. आपली मुलं, भाचे, पुतणे आता लग्नाच्या वयाकडे येताहेत. उद्या त्यांच्यापैकी कोणाच्या घरी वर्ष-दोन वर्षं पाळणा हलला नाही, तर पहिल्याच महिन्यात दोघांची तपासणी करायला सांगा. पुरुषाची तपासणी सगळ्यात सोपी आणि स्वस्त असते, म्हणून ती आधी. तुम्ही वडीलधारे म्हणून एवढं एक वाक्य बोललात, तर एका मुलीची सहा वर्षं वाचतील.

दुसरी मागणी शाळेकडे. आपल्या तुकडीनं प्रयोगशाळेला दोन सूक्ष्मदर्शक द्यायचं ठरवलं आहे. माझी विनंती आहे, की त्याबरोबर तयार काचपट्ट्यांचा एक संचही घ्यावा, आणि त्यात वृषणाच्या छेदाची एक काचपट्टी असावी. नलिकेच्या भिंतीपासून आतपर्यंत सगळे टप्पे त्या एका काचेवर दिसतात. मुलांनी आणि मुलींनी ती एकत्र, मोठ्यानं बोलत पाहावी. धडा घ्यायला कोणी अवघडत असेल, तर मला फोन करा. पुण्याहून इथे यायला पाच तास लागतात. मी दर वर्षी रजा काढून येईन.

बाई, त्या दिवशीचा गृहपाठ मी आज तपासायला आणला आहे. उशीर झाला, त्याबद्दल क्षमा असावी.